थेऊरची याद
(छत्रपती संभाजीनगर येथे कार्तिक वद्य अष्टमीस, श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांच्या पुण्यतिथीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आज कार्तिक वद्य अष्टमी. शके १६९४ मध्ये याच तिथीला, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, पुण्याजवळील थेऊर येथे श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात एका तरुणाने देह ठेवला. त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. घरात मूलबाळ नव्हते. डोळ्यांसमोर राज्याचा पसारा होता, पाठीशी अकरा वर्षांचे अखंड श्रम होते आणि मुखी गजाननाचे नाव होते. श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांच्या निधनाने महाराष्ट्रातील घराघरांतून हळहळ उठली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानेही या तरुणाचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपताहून कमी घातक ठरला नाही, असा अभिप्राय नोंदविला. ज्यांच्याशी मराठे लढले त्यांच्यापैकीच एकाने दिलेली ही कबुली आहे.

थोर पुरुषांच्या पुण्यतिथीला त्यांचे पराक्रम आठवण्याची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तरुण वयात गेलेल्या माणसाचे स्मरण करताना मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्याने देवावर निष्ठा ठेवली, ज्याने स्वतःसाठी काही मागितले नाही, त्याच्याच वाट्याला एवढे अल्प आयुष्य का यावे? ज्या घरातून एखादा कर्ता मुलगा अकाली गेला आहे, त्या घरातील आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न रोज सकाळी उठतो. या प्रश्नाला शब्दांनी दिलेले उत्तर पुरत नाही. माधवरावांच्या चरित्रात त्याचे आचरणातून दिलेले एक उत्तर मात्र सापडते. आजचे स्मरण त्यासाठीच आहे.

सोळाव्या वर्षी आलेले ओझे

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मधला, सावनूरचा. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे पुत्र. थोरले विश्वासराव हेच पुढे पेशवे होणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले, आणि महाराष्ट्रातील एकेका गावातून गेलेली माणसे परत आली नाहीत. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी त्यांचेही निधन झाले. सहा महिन्यांच्या आत गोपिकाबाईंनी ज्येष्ठ पुत्र आणि पती, दोघेही गमावले. २० जुलै १७६१ रोजी छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली, तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे होते.

आज सोळाव्या वर्षी आपली मुले दहावी-अकरावीच्या अभ्यासात असतात. त्या वयात या मुलाला काय मिळाले? रिकामा खजिना, डोक्यावर मोठे कर्ज, उत्तरेत बुडालेला दबदबा, दक्षिणेत वाढणारा हैदर, शेजारी संधीची वाट पाहणारा निजाम, आणि घरात सत्तेची अभिलाषा धरणारे चुलते रघुनाथराव. बाहेरच्या शत्रूंपेक्षा घरातील तेढ अधिक अवघड होती. १७६२ च्या नोव्हेंबरात काका-पुतण्यांची सैन्ये समोरासमोर आली. लढाई वाढली तर दोन्ही बाजूंनी मराठेच मरणार आणि तमाशा निजाम पाहणार, हे ओळखून माधवराव आळेगाव येथे स्वतः चुलत्यांच्या छावणीत गेले आणि त्यांनी माघार पत्करली. राज्याचा कारभार रघुनाथरावांच्या हाती गेला व पेशवा जवळजवळ नजरकैदेत राहिला. अपमान गिळून राज्य फुटू न देण्याचा हा निर्णय सतरा वर्षांच्या मुलाचा होता. संघटनेत काम करणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

राक्षसभुवन आणि हे शहर

माधवरावांचे स्मरण या शहरात करण्यास एक विशेष औचित्य आहे. त्यांच्या पहिल्या मोठ्या विजयाची सांगता याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तहात झाली. त्या काळी हे शहर आसफजाही घराण्याचे मोठे केंद्र होते. पहिला निजाम निजामुल्मुल्क याची कबर आजही जवळच्या खुलताबादेत आहे.

रघुनाथरावांच्या कारभारात जुन्या मानकऱ्यांची मने दुखावली. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन यांच्यासारखा कसलेला सेनानी निजामाकडे गेला. नागपूरकर जानोजी भोसलेही त्याच गोटात होते. आपल्या माणसांना दुखावले की ती शत्रूच्या अंगणात जातात, हा धडा नवा नाही. १७६३ मध्ये निजामअलीने पुण्यावर चाल केली. पुणे लुटले आणि जाळले. मराठ्यांच्या फौजा तेव्हा निजामाच्या मुलखात खंडणी वसूल करीत फिरत होत्या. दोन्हीकडची रयत होरपळत होती.

पावसाळा सुरू झाला, तेव्हा निजामाने औरंगाबादेकडे परतण्याचा विचार केला. वाटेत गोदावरी होती. पैठणच्या खाली, आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, नदीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन हे शनीचे क्षेत्र आहे. आपल्यापैकी अनेकजण तेथे दर्शनाला जाऊन आले असतील. निजाम स्वतः काही फौजेसह नदी उतरून उत्तर तीरावर आला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला. जानोजी भोसल्यांचे मन तोवर मराठ्यांकडे वळविण्यात आले होते व ते निमित्त काढून बाजूला झाले. श्रावणातील गोदावरी दुथडी भरून वाहत होती. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी विठ्ठल सुंदराच्या सैन्यावर हल्ला केला.

लढाईच्या ऐन भरात रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यात सापडले. ज्या चुलत्याने आपल्याला नजरकैदेत ठेवले, तोच आता मृत्यूच्या दाढेत होता. अठरा वर्षांच्या माधवरावांनी मागे राखून ठेवलेली फौज घेऊन तत्काळ धाव घेतली आणि चुलत्याला सोडविले. विठ्ठल सुंदर रणात पडला. नदीच्या पलीकडे निजाम होता, परंतु पुरामुळे त्याला मदत पाठविता आली नाही.

या लढाईकडे आज पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. निजामाचा दिवाण हिंदू होता आणि काही काळ मराठ्यांचेच सरदार त्याच्या बाजूने उभे होते. अठराव्या शतकातील राजकारणाची ही गुंतागुंत होती. माधवरावांचे मोठेपण असे, की त्यांनी तुटलेली माणसे पुन्हा जोडली. गोपाळराव पटवर्धन परत आले आणि पुढे हैदरावरील मोहिमांत पटवर्धनांनी आपले रक्त सांडले. सूडाचा विचार मनात असता, तर हे घडले नसते.

पूर ओसरल्यावर मराठे नदी उतरून औरंगाबादेपर्यंत आले. निजामाला तह करणे भाग पडले. २५ सप्टेंबर १७६३ च्या या तहाने ८२ लक्षांचा मुलूख मराठ्यांकडे आला. निजामाच्या राजधानीचे ठाणेही याच सुमारास येथून हैदराबादेस गेले. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांत मराठी राज्य पुन्हा उभे राहत असल्याची पहिली खूण सर्वांना दिसली, ती या गोदाकाठी.

जप आणि कर्तव्य

माधवरावांची ईश्वरनिष्ठा उपजत होती. थेऊरच्या चिंतामणीवर त्यांची नितांत श्रद्धा. तेथील लाकडी सभामंडप त्यांनी बांधविला, असे सांगतात. तरुण पेशव्याचे मन जपतपात रमू लागले, तेव्हा घडलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे राज्याच्या कामासाठी भेटीस आले. श्रीमंत मौन धरून अनुष्ठानास बसले होते. शास्त्रीबुवा परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आदल्या दिवशीच्या गैरसोयीचे कारण सांगून क्षमा मागितली, तेव्हा रामशास्त्र्यांनी जे सुनावले त्याचा आशय असा होता : ब्राह्मणाचे जपतप करावयाचे असेल, तर गादी सोडून गंगातीरी चलावे. राज्य करावयाचे असेल, तर रयतेचे रक्षण हेच अनुष्ठान मानावे. दोन्ही अर्धवट करू नये.

माधवरावांना राग आला नाही. ते अनुष्ठान त्यांनी थांबविले. विचार केला तर यात श्रद्धा कमी झाली नाही, तिला तिची जागा सापडली. त्यानंतर या तरुणाची पूजा राज्यकारभारातून दिसू लागली. गावकऱ्यांना वेठीला धरून अधिकाऱ्यांचे सामान वाहून नेण्याची वाईट चाल त्या काळी सर्वत्र होती. नांगर सोडून शेतकऱ्याने फुकट ओझी वाहायची आणि पेरणीचा हंगाम चुकवायचा. माधवरावांनी ही वेठबिगार मोडण्याचा हुकूम केला. हुकूम कागदावर राहू नये, म्हणून वसईच्या सुभेदाराचे सामान वेठीने नेले जात असल्याचे आढळताच त्याच्याकडून दंड वसूल केला आणि राबलेल्या लोकांची भरपाई करविली. बड्या अधिकाऱ्याला दंड आणि सामान्य कुणब्याला भरपाई, हा न्याय त्या काळात दुर्मीळ होता. आजही तो वाटतो तितका सुलभ झालेला नाही.

न्यायाची हीच बुद्धी त्यांनी इंदूरच्या प्रकरणात दाखविली. वेरूळच्या घृष्णेश्वरी जाताना या परिसरातील प्रत्येकाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी आठवतात, कारण त्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्या हातून झाला. याच अहिल्याबाईंचा पुत्र मालेराव १७६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. पती कुंभेरच्या वेढ्यात १७५४ मध्येच पडले होते. सासरे मल्हारराव आदल्याच वर्षी गेले होते. एकाकी स्त्रीच्या हाती दौलत आहे, हे पाहून रघुनाथरावांनी इंदूरकडे दृष्टी वळविली. पुण्यातून माधवरावांनी कौल दिला, तो अहिल्याबाईंच्या बाजूने. पुत्रशोकात बुडालेल्या एका मातेला त्या बावीस वर्षांच्या पेशव्याने आधार दिला, आणि तिने पुढील जवळजवळ तीन दशके माळव्यात जे आदर्श राज्य केले ते सर्वज्ञात आहे. शोकाचे रूपांतर लोककार्यात कसे होते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. वेरूळच्या मंदिरात त्याची साक्ष दगडात उभी आहे.

थेऊरचे शेवटचे दिवस

१७६८ मध्ये धोडपच्या लढाईत रघुनाथरावांचा बंदोबस्त करून घरची आघाडी शांत झाली. हैदराला मोहिमांमागून मोहिमा काढून नमविण्यात आले. उत्तरेत गेलेल्या फौजांच्या बळावर महादजी शिंद्यांनी जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविले. पानिपतावर गेलेली पत अकरा वर्षांत परत आली. परंतु ती परत आणणारा तरुण तोवर क्षयाने पोखरला होता. कर्नाटकच्या मोहिमेतून त्याला आजारपणामुळे मागे फिरावे लागले. वैद्यांचे उपाय झाले, अनुष्ठाने झाली, नवस झाले. रोग हटला नाही. १७७२ मध्ये श्रीमंत थेऊरला येऊन राहिले.

येथे त्यांच्या निष्ठेची खरी परीक्षा होती. एवढे करून देवाने आयुष्य दिले नाही, असा आक्रोश त्यांना करता आला असता. त्यांनी केले ते वेगळेच. त्यांनी कागद मागविला आणि राहिलेल्या कामांची कलमवार याद करून ठेवली. या यादीत राज्यावरील कर्जाची फेड करावी, ही चिंता होती. काशी-प्रयाग ही तीर्थक्षेत्रे मोकळी करावीत, हे पूर्वजांचे अपुरे राहिलेले मनोगत होते. मातोश्रींची काशीवासाची इच्छा पुरवावी, ही पुत्राची विनंती होती. ज्या चुलत्याने आयुष्यभर छळले, त्याच्या निर्वाहाची सोयही त्यात होती. धाकटे बंधू नारायणराव यांचा हात त्यांनी रघुनाथरावांच्या हाती दिला, असे परंपरा सांगते.

सत्तावीस वर्षांच्या या निष्ठावंत तरुणाची शेवटची इच्छा म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब होता. कोणाचे देणे आहे, कोणाला दिलेला शब्द पाळावयाचा आहे, आई कोठे राहील, भावाला कोण सांभाळील. ईश्वरावर पूर्ण विश्वास असलेल्या माणसाचे मरण असे असते. तो उरलेल्या दिवसांची संख्या मोजीत बसत नाही. हाती असलेला दिवस नीट आवरून ठेवतो.

त्यांच्यामागे पत्नी रमाबाई त्या काळच्या रूढीप्रमाणे सती गेल्या. थेऊरला त्यांचे स्मारक आहे. त्या साध्वीच्या प्रेमापुढे मस्तक नमते. मात्र त्या रूढीचे समर्थन आज कोणी करू नये. मागे राहिलेल्या स्त्रीने जगावे, सन्मानाने जगावे आणि समाजाने तिच्या पाठीशी उभे राहावे, हा मार्ग अहिल्यादेवींनी दाखविला आहे आणि आपल्या समाजाने तोच आपला मानला पाहिजे.

काय टिकले, काय ढासळले

माधवरावांच्या मृत्यूनंतर एक वर्षही पुरते उलटले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला. गोपिकाबाईंचा तिसरा पुत्रही गेला. थेऊरला हातात दिलेला हात सुटला. ज्या घराला एकत्र ठेवण्यासाठी माधवराव आयुष्यभर झिजले, ते घर त्यांच्या डोळ्यांमागे फुटले. ही कटू गोष्ट स्मरणाच्या भरात झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका माणसाच्या धाकावर आणि प्रेमावर उभी असलेली एकी त्या माणसाबरोबर निघून जाते. आपल्या घरांत, आपल्या संस्थांत, आपल्या शाखांत हे होऊ शकते, याची जाणीव प्रत्येक कार्यकर्त्याने ठेवावी.

परंतु सर्वच ढासळले नाही. ज्या रामशास्त्र्यांचे कडू बोल माधवरावांनी ऐकून घेतले, त्याच रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरविले आणि पुण्याचा त्याग केला. निर्भय न्याय ही माधवरावांनी मागे ठेवलेली ठेव होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेली नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे यांच्यासारखी माणसे बारभाईंच्या रूपाने एकत्र आली आणि त्यांनी राज्य वाचविले. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पश्चात त्यांना पुत्र झाला, तेव्हा त्या बाळाचे नाव ठेवले गेले माधवराव. सवाई माधवराव. गेलेल्याचे नाव पाळण्यात पुन्हा घुमले. राज्य टिकले ते घडविलेल्या माणसांमुळे आणि बसविलेल्या न्यायामुळे. माधवराव गेले, त्यांनी तयार केलेली माणसे राहिली.

आजचे कर्तव्य

मित्रहो, ज्या रोगाने माधवरावांना नेले, त्याचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये शोधून काढले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यावर औषध मिळू लागले. थेऊरच्या वैद्यांच्या हाती जे नव्हते, ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. साध्या क्षयाचा रोगी साधारण सहा महिने नियमित औषध घेऊन बरा होतो. तरीही आपल्या देशात दरवर्षी लक्षावधी लोकांना हा रोग होतो, आणि औषध मध्येच सोडल्यामुळे, आहार न मिळाल्यामुळे किंवा लोक काय म्हणतील या भीतीने आजार लपविल्यामुळे अनेक तरुण आजही जातात. क्षयरोग्यांच्या पोषणाचा भार उचलण्यासाठी २०२२ मध्ये शासनाने ‘निक्षय मित्र’ ही योजना सुरू केली. कोणीही नागरिक, कोणतीही संस्था त्यात सहभागी होऊ शकते. आपल्या वस्तीतील एका रोग्याला सहा महिने धान्य-डाळ पोहोचविणे, तो गोळ्या घेतो आहे ना, हे आपुलकीने विचारणे, त्याच्या घरच्यांना धीर देणे, हे काही अवघड नाही. थेऊरला नारळ वाहून येण्याइतकेच हेही स्मरण आहे.

आणि ज्या घरांतून कोणी तरुण अकाली गेला आहे, त्या घरांना एवढेच सांगावेसे वाटते, की त्याने अर्धी टाकलेली याद शोधावी. कोणाला दिलेला शब्द, अर्धे राहिलेले काम, मदतीची वाट पाहणारा मित्र, म्हातारी आजी, शिकणारी बहीण. दुःख त्यामुळे नाहीसे होत नाही. गोपिकाबाईंचे झाले नाही, अहिल्याबाईंचेही झाले नाही. पण त्या यादीतील एकेक कलम पुरे होत जाते, तसतसा गेलेला मुलगा घरात पुन्हा वावरू लागतो.

आज सायंकाळी घरी गेल्यावर देवापुढे दिवा लावताना प्रत्येकाने स्वतःची याद मनाशी एकदा वाचावी. कोणाचे देणे राहिले आहे, कोणाशी बोलणे तुटले आहे, आपल्या पश्चात आपले काम पुढे नेईल असे कोण तयार होत आहे. ती याद अपुरी असेल, तर उद्यापासून ती पुरी करण्यास लागावे. कार्तिक वद्य अष्टमीचे खरे पुण्यस्मरण त्यातच आहे.

श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.